आत्याचे गुडघे आणि बॅटरीची सायकल

माझ्या आत्याला बसलेलं फारसं कोणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा ती ताट हातात धरून ओट्याला टेकून उभी असते. "अगं, बस की जरा," असं म्हटलं की म्हणते, "बसले की गुडघ्यांना आठवतं, आपण दुखतोय म्हणून. उभी असले की बिचारे विसरतात."

आत्या लोकांच्या घरी जाऊन केस कापते. ज्यांना दुकानापर्यंत जाता येत नाही, ती तिची गिऱ्हाइकं. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणाचा पाय प्लास्टरमध्ये, कोणी नुकतीच बाळंत झालेली आणि आरशात बघायला घाबरणारी. तिच्या पिशवीत दोन कात्र्या, कंगवे, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, एक जुनी चादर आणि एक छोटा झाडू असतो. केस कापून झाले की जमीन ती स्वतः झाडते. घरातल्या कोणाला हात लावू देत नाही. "कचरा माझा आहे," म्हणते. आणि कापता कापता इतकं बोलते, की आजारी माणूस हसून हसून हलतो, मग तीच ओरडते, "हलू नका, कान जाईल!"

आमचं गाव उतारावर पसरलेलं आहे. खाली बाजार आणि कारंज्याचा चौक, वर टेकडीवर दाट वस्ती, आणि मध्ये दगडी रस्ता, जो सरळ जाण्याऐवजी वळणं घेत घेत वर चढतो. बस अर्ध्यातच थांबते. आत्या हा रस्ता वर्षानुवर्षं सायकलवरून चढली. तरुणपणी गावातल्या चढाच्या शर्यतीत तिनं कप मिळवला होता. त्या कपात ती आता कंगवे ठेवते. लग्न तिनं केलं नाही. का नाही, असं विचारायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती.

मग गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "सायकल सोडू नका, ती चांगलीच आहे. पण चढावर जोर लावणं बंद करा."

"या गावात चढ सोडून सायकल चालवायची," आत्या म्हणाली, "म्हणजे मी काय कारंज्याभोवती गोल गोल फिरू?"

डॉक्टर हसले, पण सल्ला बदलला नाही.

त्यानंतर आत्या हळूहळू वरच्या गिऱ्हाइकांना टाळायला लागली. कात्री धार लावायला दिलीय, सर्दी झालीय, पाहुणे आलेत. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती खालच्या मजल्यावर आणि आम्ही वरच्या. त्यामुळे पाहुणे आलेले नाहीत हे आम्हाला चांगलंच माहीत होतं. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. एका सकाळी दुकानातून एक निळी सायकल ढकलत घेऊन आले आणि आत्याच्या दारात उभी केली.

"ताई, बघ तरी."

आत्यानं दारातूनच बघितलं. "हे काय आहे?"

"सायकल."

"सायकल मला ओळखता येते रे. हिनं पोटात काहीतरी गिळलंय."

"बॅटरी आहे ती. चढावर मदत करते."

"म्हणजे मी नुसतं वर बसायचं आणि मोटर मला वर नेणार? त्यापेक्षा मला टोपलीत बसव आणि दोरीनं ओढ की! आळशी लोकांची गाडी आहे ही. पाय लटकवून फिरायची."

बाबांनी समजवायचा प्रयत्न केला. आत्यानं दार लावून घेतलं. सायकल मात्र बाहेरच्या पॅसेजमध्ये राहिली आणि दोन दिवसांतच तिच्यावर टॉवेल वाळायला लागले.

त्यात भर पडली फ्यूजकाकांची. फ्यूजकाका आमच्या शेजारचे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण विजेचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरतो. बाहेर ढग गडगडला की ते जिन्याखाली जाऊन सगळ्या इमारतीचं मेन स्विच बंद करतात. म्हणून हे नाव. ते सायकलपासून चार हात लांब उभे राहिले आणि आत्याला म्हणाले, "ताई, तुम्ही हिला हात लावत नाही हे उत्तम करता. पावसात भिजली की करंट थेट सीटमधून वर येतो. आणि जिन्यात, दाराच्या तोंडाशी तर ती कधीच चार्ज करू नका. काही पेटलं तर बाहेर पडायला वाट राहायची नाही."

"मी चार्जच करत नाहीये," आत्या म्हणाली. "मी तिच्यावर टॉवेल वाळवतेय."

"टॉवेलही काढा," काका म्हणाले.

हे असंच चाललं असतं. पण टेकडीच्या अगदी माथ्यावर गाण्याच्या बाई राहतात. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच होत्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी आत्याच्या स्वयंपाकघरातच होते. बाईंचा आवाज असा खणखणीत, की फोन कानाला न लावताही मला सगळं ऐकू येत होतं.

"उद्या माझ्या सगळ्या विद्यार्थिनी येणार आहेत," बाई म्हणाल्या. "मी पडल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर गाणार आहेत. आणि माझ्या डोक्यावर चिमण्यांनी संसार थाटावा अशी अवस्था आहे. तू येतेस का?"

"अहो बाई, ती कात्री धार लावायला..."

"तुझी कात्री तीन महिने धार लावून घेतेय. आता तिनं झाडं तोडता येतील!"

आत्यानं फोन ठेवला. बराच वेळ ओट्यावरचं फडकं घडी करत राहिली. उलगडलं, पुन्हा घडी केली. मग म्हणाली, "तुझ्या बापानं आणलेल्या त्या धुडाचं बटण कुठे असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. निळ्या सायकलवर आत्या, तिच्या जुन्या सायकलवर मी. सोबतीला म्हणून मी निघाले होते, पण खरं सांगायचं तर मला गंमत बघायची होती. चौकापर्यंत ती बटण न दाबताच गेली. चढ सुरू झाला तशी थांबली, इकडेतिकडे कोणी बघत नाही ना याची खात्री केली, बटण दाबलं आणि हँडल घट्ट धरून, डोळे बारीक करून बसली. एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर. काहीच झालं नाही.

"बंद पडलीय," ती म्हणाली. "फसवलं तुझ्या बापाला."

"आत्या, पॅडल मार ना."

"पॅडल मी मारायचं तर मोटर काय करणार?"

"मारून तर बघ."

तिनं पॅडल दाबलं. सायकल पुढे सरकली आणि आत्या जोरात ओरडली, "ए, कोण ढकलतंय?" मागे वळून बघायच्या नादात तिचा तोल जाता जाता राहिला. मागे कोणीच नव्हतं. मी होते, पण तोवर बरीच मागे पडले होते. तिनं पाय थांबवले, की मोटरही थांबायची. पाय हलवले, की पुन्हा मदतीला यायची. दोन वळणं तिनं हाच खेळ केला, एखाद्या मुलीनं दिव्याचं बटण चालू-बंद करावं तसा.

मी धापा टाकत माथ्यावर पोचले तेव्हा ती बाईंच्या फाटकाला टेकून उभी होती. गळ्यावरून हात फिरवून तिनं तो मला दाखवला.

"घाम आलाय मला," ती म्हणाली. "बघ, खराखुरा. म्हणजे चालवतेय मीच!"

"आणि गुडघे?"

तिनं एक पाय हलवून पाहिला, मग दुसरा. "गप्प आहेत," ती म्हणाली आणि आत गेली. आतून बाईंचा आवाज आला, "आलीस? ये, झाडं कुठे आहेत ते दाखवते!"

त्या दिवसापासून आत्याला पुन्हा पाय फुटले. सुटलेली सगळी गिऱ्हाइकं तिनं एकेक करून परत धरली. टॉवेल दोरीवर गेले. फ्यूजकाकांचं जिन्याबद्दलचं म्हणणं बाबांना पटलं, म्हणून बॅटरी काढून आमच्या स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर आणि तिच्याच चार्जरवर चार्ज करायची असं त्या दोघांनी ठरवलं. काका खूश झाले, पण शॉकचं त्यांच्या डोक्यातून जाईना. एकदा आत्या टेकडीवर असताना पाऊस कोसळला. ती चिंब भिजून कोपऱ्यावरून वळली, तर इमारतीच्या दारात काका उभे. पायात रबरी बूट, हातात रबरी मोजे आणि एक लांब लाकडी काठी.

"घाबरू नका ताई," ते ओरडले, "मी तुम्हाला ढकलून खाली पाडतो!"

"खबरदार!" आत्या ओरडली. "हात... म्हणजे काठी लावाल तर!"

ती उतरली, सायकल भिंतीला लावली आणि ओल्या हातानं सीटवर थापटी मारली. काहीच झालं नाही. मग तिनं काकांचा एक मोजा काढायला लावला आणि त्यांनाही मारायला लावली. त्यांनी डोळे मिटून, एका बोटानं सीटला स्पर्श केला आणि उगाचच "आई गं" म्हणाले. "काही झालं?" आत्यानं विचारलं. "नाही," ते म्हणाले, "पण होऊ शकलं असतं." बाबांनी त्यांना नंतर नीट सांगितलं, की ही सायकल पावसात चालवायलाच केलेली असते, फक्त तिला नदीत बुडवायची नाही आणि पाइपनं जोरात धुवायची नाही. काकांनी मान डोलावली. काठी मात्र अजून दारामागेच असते.

गावात एक सायकल क्लब आहे. रविवारी सकाळी घट्ट कपडे घालून चढ चढणारे लोक. त्यांचा म्होरक्या बाजारातला चष्मेवाला, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. माणूस मनाचा चांगला, पण सायकलच्या बाबतीत एकदम कडक. एका रविवारी बेकरीच्या वळणावर क्लबची मंडळी पाणी पीत उभी होती आणि आत्या शीळ वाजवत त्यांच्या बाजूनं वर निघाली.

"ताई, ही तर शुद्ध चीटिंग आहे!" कॅप्टन हसत म्हणाला.

आत्यानं ब्रेक लावला. "शर्यत चालू आहे का? मला कोणी सांगितलंच नाही. मी केस कापायला चाललेय."

"तसं नाही हो. पण व्यायाम तरी होतो का यात? नुसतं बसायचं, की आलं वरचं टोक."

"मलाही असंच वाटायचं," आत्या म्हणाली आणि खाली उतरली. "घ्या. बसा नुसतं."

कॅप्टन बसला. बटण दाबलं, पाय वर घेतले आणि राजासारखी मान ताठ करून वाट बघू लागला. सायकल जागेवरच राहिली. मग हळूहळू मागे सरकायला लागली, मग डावीकडे कलली, आणि कॅप्टन बेकरीबाहेरच्या रिकाम्या ट्रेंच्या ढिगात जाऊन पडला. क्लबनं टाळ्या वाजवल्या. तो उठला, कपडे झटकले, पुन्हा बसला आणि या वेळी पॅडल मारत पुढच्या वळणापर्यंत जाऊन आला. हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. त्यानं ते पाहिलं, हलवलं, पुन्हा पाहिलं.

"हे बिघडलंय," तो म्हणाला.

"काय दाखवतंय?"

"व्यायाम होतोय असं दाखवतंय." मग तो स्वतःच हसला. "पण ताई, तुमची बॅटरी संपत आलीय. घरी जाऊन लावा आधी."

"छे! ती उतारावर आपोआप भरते," आत्या म्हणाली. "रोज एवढा उतार उतरते मी. ते सगळं कुठेतरी जातच असेल ना!"

"काही सायकलींत थोडंफार भरतं. हिच्यात ती सोय दिसत नाही."

"तुम्ही चष्म्याचं बघा," आत्या म्हणाली आणि निघून गेली.

झालं काय होतं, की बाबा अधूनमधून तिला न सांगता बॅटरी काढून वर आमच्याकडे चार्जिंगला लावायचे. पण त्या आठवड्यात त्यांना ताप आला होता.

दोनच दिवसांनी तिला कॅप्टनच्याच घरी बोलावणं होतं. त्याच्या बायकोचे केस कापायचे होते. वहिनींना दम्याचा त्रास. खाली उतरता येतं, पण परत चढताना छाती भरून येते, म्हणून त्या वर्षभर खाली आल्याच नव्हत्या. कॅप्टनचं घर टेकडीवर, बरंच वर. आत्या अर्ध्या वाटेवर पोचली आणि सायकलवरचा दिवा विझला. मागचा तो मदतीचा रेटा गेला. तिला वाटलं, आता संपलं सगळं. आता हे धूड इथेच टाकून पायी जायचं, नाहीतर कोणाची तरी गाडी मागवायची.

रस्त्यात कोणी नव्हतं. सवयीनं तिनं पॅडल मारलं. सायकल चालली. जड होती, म्हशीसारखी चालली, पण चालली. सपाटीवर चालवत, चढावर ढकलत, मध्येच गुडघ्यांना चार शिव्या देत ती उशिरानं कॅप्टनच्या दारात पोचली. चेहरा टोमॅटोसारखा लाल झालेला.

वहिनींनी तिला पाणी दिलं. "बॅटरी संपली की ती बंद पडते ना?"

"मलाही तेच वाटलं होतं," आत्या म्हणाली. "आणि तुमचे यजमान परवा मला सांगत होते की उतारावर ती भरत नाही. त्यांचं खरं निघालं. हे त्यांना सांगू नका."

वहिनी हसल्या. खूप दिवसांनी कोणीतरी त्यांच्यासमोर स्वतःवर हसत होतं. बाबांनी कधीतरी कोंबलेला जादा चार्जर आत्याच्या पिशवीच्या तळाशी सापडला. बॅटरी ओट्यावर चार्जिंगला लागली आणि केस कापायला सुरुवात झाली. कात्री चालू असताना वहिनी बोलायला लागल्या. लग्नानंतर त्या आणि कॅप्टन रोज सायकलवर फिरायचे. धरणापर्यंत जायचे, तिथे पाय पाण्यात सोडून बसायचे. दमा वाढला तसं ते थांबलं. पहिल्या पहिल्यांदा तो त्यांच्यासाठी हळू चालवायचा, वळणावर थांबायचा. त्याचं ते थांबणंच त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनीच सांगितलं, तुम्ही जा, मला कंटाळा येतो.

"कंटाळा येतो का?" आत्यानं विचारलं.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. आत्यानं कात्री थोडा वेळ बाजूला ठेवली.

केस झाले, जमीन झाडून झाली, जेवण झालं, बॅटरी परत सायकलवर बसली. मग आत्या म्हणाली, "चला, बाहेर एक चक्कर मारू."

"मला दम लागतो."

"चढावर मदत किती घ्यायची ते या बटणावर असतं. सगळ्यात जास्त लावते. पाय फक्त फिरवत राहायचे, जोर नाही द्यायचा. श्वास जड वाटला, की थांबायचं. मी बाजूनं चालते. तुमचं ते औषधाचं नळकांडं खिशात ठेवा."

पहिली चक्कर फाटकापर्यंत झाली. दुसरी शेजारच्या घरापर्यंत. तिसऱ्या चकरेला वहिनी खालच्या वळणापर्यंत उतरल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात कॅप्टन जेवायला घरी निघालेला, सायकल चढवत त्याच वळणावर आला. बायको रस्त्यावर, निळ्या सायकलवर, नव्या कापलेल्या केसांत. तो उतरला.

"तू खाली कशी आलीस?" त्यानं विचारलं.

"खाली येणं सोपं असतं," वहिनी म्हणाल्या. "आता वर जाऊन दाखवते."

आणि त्या निघाल्या. हळू, पण न थांबता. आत्या चालत मागे. तिच्या मागे कॅप्टन, सायकल हातात धरून ढकलत. कारण चालवली असती तर तो पुढे गेला असता, आणि त्याला पुढे जायचं नव्हतं. घराच्या फाटकाशी वहिनींनी पाय टेकवले. श्वास वाढला होता, पण छाती दाटली नव्हती. कॅप्टननं चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "ही कुठून घेतली?"

"घेतली नाही. माझ्या भावानं माझ्या मनाविरुद्ध दारात आणून टाकली. तुम्हीही तसंच करा. विचारत बसू नका."

डॉक्टरांना मात्र त्यानं विचारलं. ते म्हणाले, बेतानं आणि रोज थोडं असेल तर हरकत नाही. मग आठवड्याभरात कॅप्टनच्या घरी लाल रंगाची एक सायकल आली. क्लबमध्ये एक-दोघांनी कुरकुर केली, की बॅटरीवाल्यांना घ्यायचं का. कॅप्टननं त्यांना बेकरीच्या वळणावर सीटवर नुसतं बसून दाखवायला सांगितलं. पुढे कोणी कुरकुर केली नाही.

बॅटरी आता आत्या स्वतः चार्जिंगला लावते, बाबांना ताप असो वा नसो. फ्यूजकाका रोज सकाळी विचारतात, "चार्जर काढला का?" आणि ती रोज म्हणते, "काढला हो, काढला," मग आत जाऊन काढते. तिची गिऱ्हाइकं वाढली आहेत. टेकडीपलीकडच्या वस्तीतूनही बोलावणी येतात. तिथे एक शंभरी गाठत आलेले आजोबा आहेत, त्यांना दर वेळी नवा भांग हवा असतो. डॉक्टरांनी परवा पुन्हा गुडघ्यांचा फोटो काढला. बरे झालेत असं म्हणाले नाहीत, पण बिघडलेही नाहीत, पाय मजबूत झालेत, असं म्हणाले.

मागच्या रविवारी क्लब धरणापर्यंत गेला. मीही होते, जुन्या सायकलवर, सगळ्यांच्या शेवटी. शेवटच्या चढावर मी आणि कॅप्टन दोघंही जीभ बाहेर काढून चढत होतो. वर कठड्यावर आत्या आणि वहिनी थर्मासमधला चहा पीत उभ्या होत्या, पाणी बघत, कशावर तरी हसत.

"ये गं," आत्या वरून ओरडली, "चहा संपत आलाय. कॅप्टन, तुम्हाला अर्धा कप चालेल का?"

"चालेल," तो खालून म्हणाला, "आधी श्वास घेऊ द्या!"